सांधे झिजायला लागलेत हे तुम्हाला कधी, कसं कळलं?

माझ्यापासून सुरुवात करते. वय ५८. जिना चढताना काही नाही, उतरताना मात्र उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ यायची. कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरायला लागले आणि वर्षभर ते कुणाला सांगितलं नाही. शेवटी उभं राहून एक्स-रे काढला, तर आतल्या बाजूची हाडांमधली फट जवळजवळ मिटलेली. इतकं झिजेपर्यंत दुखलं कसं नाही? डॉक्टर म्हणाले, कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणात, रक्तवाहिन्याही नसतात आणि मज्जातंतूही. ती झिजताना कळतच नाही. दुखतं ते खालचं हाड आणि सांध्याचं सुजलेलं अस्तर. तुमचा कुठला सांधा, काय बदललं, कशाने बरं वाटलं, सविस्तर लिहा.

* * *

ताई, माझी बोटं. शेवटच्या पेरांवर टणक गाठी आल्या. आधी लाल, ठणकणाऱ्या. दोनेक वर्षांत ठणका गेला, बोटं वाकडी राहिली. आईची बोटं अगदी अशीच होती. आता त्रास अंगठ्याच्या मुळाशी आहे: बरणीचं झाकण, किल्ली, ओलं फडकं पिळणं. सकाळी मूठ वळत नाही, पण दहा-पंधरा मिनिटांत सैल होते. तासभर आखडून राहिली असती तर आमवाताचा, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या वेगळ्या आजाराचा, संशय घ्यावा लागला असता, असं सांगितलं.

* * *

मी ४१ चा. विशीत खेळताना गुडघ्यातली गादी फाटली, फाटलेला भाग काढून टाकला. वीस वर्षांनी त्याच गुडघ्यात पाणी होतंय. याला म्हातारपणाचा आजार म्हणू नका, एवढीच विनंती.

* * *

बाबांचा गुडघा दुखायचा. सहा महिने तिथेच शेक, तिथेच मलम. मोजा घालायला पाय वर येईना, तेव्हा फिजिओथेरपिस्टने मांडी आत वळवून पाहिली आणि बाबा जांघेत कळवळले. झीज खुब्यात होती! खुब्याचं दुखणं असं गुडघ्यात उतरतं. काठीही ते दुखऱ्या बाजूच्याच हातात धरत होते. ती दुसऱ्या हातात दिली, त्याच दिवशी लंगडणं कमी झालं.

* * *

माझ्या एक्स-रेवर झिजेची ४ थी, म्हणजे शेवटची पायरी, धाकट्या बहिणीच्या २ री, आणि दुखतं तिला जास्त. फिल्म पाहून घाबरून मी चालणंच सोडलं, ती माझी मोठी चूक. दोन महिन्यांत मांडीचे स्नायू गळाले, गुडघा मध्येच दगा द्यायला लागला. मग रोज खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजायचे, खाली. वजन ६ किलो उतरवलं. किलोभर घटलं की पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोने हलका होतो. झीज भरून आली नाही, येणारही नाही. पण जमिनीवरून आता आधाराशिवाय उठते.

* * *

खुर्चीचा व्यायाम आजच सुरू केला. माझा पाय गुडघ्यातून बाहेर वाकायला लागलाय. सांधा बदलून घेतलेल्यांनी सांगाल का, आता थांबायचं नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत?