सिंगल ड्रायव्हर बॅक-लोडेड हॉर्न: गोडी कशात, मापं कशी धरायची?

जवारी
फोस्टेक्सचा ६ इंची एफई१६६ ड्रायव्हर घेऊन बॅक-लोडेड हॉर्न (शंकूच्या पाठचा आवाज रुंदावत जाणाऱ्या वाटेने बाहेर काढणारी पेटी) बांधायचा आहे. अ‍ॅम्प ३००बी व्हॉल्व्हचा सिंगल-एंडेड, ८ वॉट. खोली १२ बाय १४ फूट, ऐकणं मुख्यतः ख्याल. क्रॉसओव्हर (आवाज वूफर आणि ट्वीटरमध्ये वाटणारं सर्किट) नसल्याचा फरक खरंच कळतो का? आणि पेटीची मापं कुठून धरायची?

सूरपेटी
कळतो, आणि गळ्यात सगळ्यात जास्त. टू-वे स्पीकर साधारण २ ते ३ हजार हर्ट्‌झवर दुभंगतो. व्यंजनांची धार आणि तंबोऱ्याच्या जवारीची झंकार नेमकी तिथेच असते, त्यामुळे एकाच षड्जाचा बुंधा वूफरमधून येतो आणि शेंडा ट्वीटरमधून. एका शंकूतून आला की तो सलग वाटतो. शिवाय ९४ डीबी सेन्सिटिव्हिटीला (१ वॉटला १ मीटरवर मिळणारा आवाज) ८ वॉट म्हणजे १ मीटरवर १०३ डीबी. या खोलीला पुष्कळ झाले.

बासची अपेक्षा मात्र माफक ठेवा. ४० हर्ट्‌झच्या हॉर्नला पूर्ण मापाचं तोंड द्यायचं तर कोपऱ्यात ठेवूनही सुमारे ०.७४ चौरस मीटर लागतं, उघड्यावर त्याच्या आठपट. स्पीकर-अभियंते पॉल व्हॉइट यांनी १९३०च्या दशकात घरगुती हॉर्न कोपऱ्यासाठी बांधला, त्यामागचं गणित हेच. डग्ग्याचा घुमारा हवा असेल तर पेट्या कोपऱ्यातच ठेवा.

रंधा
घसा, म्हणजे हॉर्नचं अरुंद टोक, १०० चौ.सेंमी (शंकूच्या साधारण पाऊणपट), तोंड १५०० चौ.सेंमी (वरच्या पूर्ण मापापेक्षा बरंच लहान), फैलाव ४० हर्ट्‌झचा एक्स्पोनेन्शियल. लांबी १.८५ मीटर येते.

खरी मेख पुढे आहे. शंकूच्या पाठचा आवाज उलट्या फेजचा असतो आणि एवढी वाट चालून बाहेर पडतो. १८५ हर्ट्‌झच्या आसपास ही वाट एका तरंगलांबीएवढी होते आणि मागचा आवाज पुढच्याला खातो. म्हणून त्याआधीच हॉर्नचा आवाज उतरायला लागला पाहिजे. हे काम ड्रायव्हरमागच्या कप्प्याचं. ३.६ लिटर ठेवला तर सुमारे १५० हर्ट्‌झपासून उतार सुरू होतो. मॅग्नेटची जागा धरू नका, ३.६ लिटर मोकळी हवा हवी. कप्पा लहान पडला तर पुरुषी गळा डब्यातून आल्यासारखा होतो. कप्प्याच्या मागच्या भिंतीला नमदा लावा. हॉर्नच्या वाटेत मात्र काही भरू नका, बास तिथेच मरतो.

प्लाय १९ मिमी मरीन. शेवटची बाजू ठोकण्याआधी आतल्या सगळ्या पडद्यांच्या कडांवर सरळपट्टी टेकवा. कुठे अर्धा मिमी उजेड दिसला तरी रंधा मारून एका पातळीत आणा. तिथे फट राहिली तर हवा आडवाटेने पळते, आणि बाजू चिकटल्यावर तिथे हात पोचत नाही.

जवारी
आभार! ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर चालेल का?

सूरपेटी
चालेल, पण आवाज रोडावेल. या ड्रायव्हरचा क्यूटीएस (शंकूवर किती आवर आहे याचा आकडा, कमी म्हणजे जास्त आवर) ०.२५च्या आसपास आहे, म्हणजे मॅग्नेट आधीच शंकूला घट्ट धरून असतो. त्यात अ‍ॅम्पचाही लगाम लागतो. स्पीकरच्या वायरीत २ ते ४ ओहम, १० वॉटचा रेझिस्टर टाका, खालचा भाग भरतो.

३-४ हजार हर्ट्‌झला तार स्वर टोचायला लागले तर ०.३ मिलिहेन्रीची कॉइल, ६.८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ८ ओहमचा रेझिस्टर एकमेकांना समांतर जोडून तो संच स्पीकरच्या वायरीत सिरीजमध्ये घाला. पण आधी पेट्या वळवून बघा: दोघांचे अक्ष तुमच्या डोक्यापुढे फूटभर छेदले की पुष्कळदा टोचणी तेवढ्यानेच जाते.