माणसं मोजायची की गाठी?

एकाच रुग्णाच्या त्वचेच्या कॅन्सरच्या तीन गाठी एक्सेलमध्ये तीन स्वतंत्र नोंदी धरल्या तर काय बिघडतं, असं तुम्ही विचारलंय. बरंच बिघडतं. तीच त्वचा, तेच ऊन, त्यामुळे त्या गाठी स्वतंत्र नसतातच. स्वतंत्र धरल्या तर चूक-मर्यादा (उत्तर किती इकडेतिकडे असू शकतं तो पट्टा) खोटीच अरुंद दिसते.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर गावची चाचणी बघा. १९९२ ते १९९६, १६२१ प्रौढ. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले: एकाला रोज सनस्क्रीन, दुसरा आपल्या मर्जीने. स्क्वॅमस सेल कॅन्सर (त्वचेच्या कॅन्सरचा एक प्रकार) किती माणसांना झाला हे मोजलं, तर ठळक फरक नाही. एकूण गाठी मोजल्या, तर रोज सनस्क्रीनच्या गटात लाख माणसांमागे वर्षाला १८३२ च्या जागी १११५, म्हणजे जवळपास ४० टक्के कमी! दोन्ही उत्तरं खरी आहेत, प्रश्न वेगळे आहेत. (बेसल सेल या त्वचेच्या कॅन्सरच्या दुसऱ्या प्रकारात मात्र कशीही मोजणी केली तरी फरक दिसला नाही.)

म्हणून आधी प्रश्न ठरवा आणि प्रत्येक ओळीत रुग्णक्रमांक ठेवाच. त्यावरून एका माणसाच्या गाठी एकत्र बांधून विश्लेषण करता येतं. प्रत्येक रुग्ण किती काळ तपासणीत होता, त्या तारखा तुमच्या फाइलमध्ये आहेत का? नसतील तर केसपेपरवरून आत्ताच भरून घ्या, दर काढायला त्या लागतीलच.