आजोबा १९७५ साली घरी आले, मग निवृत्तिवेतन १९८० पासून कसे?

प्रश्न : नातू, धरमपेठ

माझे आजोबा काटोल तालुक्यातले शेतकरी होते आणि त्याआधी मराठा लाइट इन्फन्ट्रीत जवान होते. त्यांना जाऊन ११ वर्षे झाली. गेल्या महिन्यात गावचे घर दुरुस्तीला काढले, तेव्हा माळ्यावरची त्यांची काळी लोखंडी ट्रंक खाली उतरवली. तिच्यात डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळणारी सेवेची वही), तीन पदके, निवृत्तिवेतनाचा आदेश, काही आंतर्देशीय पत्रे आणि कापूस विक्रीच्या पावत्यांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा निघाला. डिस्चार्ज बुकाची मधली पाने ओल लागून चिकटली आहेत. वाचता येते ते एवढेच, की भरती १९६५ साली बेळगावला झाली आणि सेवा १९८० साली संपली.

अडचण अशी की ते १९७५ सालीच कायमचे गावी आले होते. माझे वडील तेव्हा तिसरीत होते आणि त्यांना ते स्पष्ट आठवते. भाऊबंदांपैकी एकजण लग्नकार्यात हमखास म्हणत, की हा पळून आलेला शिपाई आहे. आजोबांनी त्याला कधी उत्तर दिले नाही आणि आमच्या घरातही तो विषय कोणी काढला नाही. उलट घरात सांगितले जाते ते असे, की १९७१ च्या युद्धात आजोबा थेट ढाक्यापर्यंत गेले होते. मी कुटुंबासाठी त्यांचे चरित्र लिहीत आहे आणि या दोन्ही गोष्टी पडताळल्याशिवाय मला लिहायच्या नाहीत. आजी आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. त्या पाच वर्षांबद्दल विचारले, तर ती एवढेच म्हणते, ‘तवा झाडं लहान होती.’

उत्तर : निवृत्त सुभेदार, हिंगणा रोड

पहिली गोष्ट ठामपणे सांगतो. पळून गेलेल्या जवानाला निवृत्तिवेतनाचा आदेश मिळत नाही, त्यामुळे तो आदेश आपल्या हातात आहे एवढ्यावरच भाऊबंदांचे म्हणणे खोटे ठरते. त्या काळातल्या भरतीच्या अटी वेगळ्या होत्या. जवान काही वर्षे प्रत्यक्ष पलटणीत राही आणि उरलेली वर्षे राखीव म्हणून घरी राही. बोलावणे आले की हजर होण्याचे बंधन मात्र कायम असे. दोन्ही मिळून १५ वर्षे भरली की राखीव सैनिकाचे निवृत्तिवेतन लागू होई. १९६५ अधिक १५ म्हणजे आपले १९८०. आपले आजोबा १९७५ साली घरी आले ते राखीव म्हणून आले असणार, आणि त्या चिकटलेल्या पानांत बहुधा हीच नोंद असेल. ती पाने घरी सोडवू नका, फाटतील. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला सेवा क्रमांक घालून पत्र लिहा. नागपुरातल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलात तर ते अर्ज करायला मदत करतात.

ढाक्याबद्दल जरा सावधपणे लिहा. पदके कोणती आहेत ते आपण लिहिलेले नाही. पूर्वी स्टार असेल तर ते पूर्व आघाडीवर होते. पश्चिमी स्टार असेल तर ढाक्याची गोष्ट सोडून द्यावी लागेल. संग्राम पदक त्यापेक्षा पुष्कळ जणांना मिळाले, त्यावरून आघाडी कळत नाही. ‘२५ वा स्वातंत्र्य वर्धापन’ असे पदक असेल, तर ते १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असलेल्या सर्वांनाच मिळाले होते. त्याचा लढाईशी संबंध नाही, पण ते दाखवायला सर्वांना फार आवडते. पदकाच्या कडेवर किंवा मागे सेवा क्रमांक कोरलेला असतो, तोही जुळवून पाहा.

आमच्या रेजिमेंटची पहिली पलटण, जिला जंगी पलटण म्हणतात, ती डिसेंबर १९७१ मध्ये आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईत होती. जमालपूर ११ डिसेंबरला पडले आणि तिथून सैन्य टांगाईलमार्गे ढाक्याकडे सरकले. आजोबा त्याच पलटणीत असतील तर घरातली गोष्ट खरी असण्याचा पुष्कळ संभव आहे. पण पलटणीचा क्रमांक कागदावर दिसेपर्यंत ‘ढाका’ हा शब्द लिहू नका, असे मी आपला वडीलधारा म्हणून सांगतो.

उत्तर : संत्रा बागायतदार, नरखेड

सुभेदारसाहेबांनी फौजेचे उत्तर दिले, मी आपल्या आजींच्या वाक्याचे देतो, कारण माझ्या मते आपला सगळा प्रश्न त्या वाक्यातच सुटला आहे. त्या संत्र्याच्या झाडांबद्दल बोलत आहेत. आजोबांनी १९७५ च्या पावसाळ्यात कलमे लावली असतील, तर हाती लागण्याजोगा पहिला बहार यायला पाच ते सहा वर्षे लागतात. सहा मीटर बाय सहा मीटर अंतराने एकरी ११० च्या आसपास झाडे बसतात आणि त्या प्रत्येकाला उन्हाळ्यात आळे करून पाणी द्यावे लागते. विहीर आटली की तीन वर्षांची मेहनत एका मे महिन्यात जाते. डिंक्या रोग लागला तर खोडाला बोर्डो पेस्ट, कोळशी रोग आला तर फवारणी, हा सगळा खर्च, आणि मिळकत शून्य. म्हणजे १९७५ ते १९८० या काळात पगार बंद, निवृत्तिवेतन सुरू नाही आणि बागेला फळ नाही. नेमकी हीच पाच वर्षे.

त्या काळात घर चालते ते आंतरपिकावर. झाडे लहान असतात तोवर मधल्या पट्ट्यात पऱ्हाटी म्हणजे कापूस, तूर, भुईमूग घेता येतो. पुढे सावली पडू लागली की तेही संपते. कापसाच्या पावत्यांचा गठ्ठा त्याच ट्रंकेत का ठेवला, याचा विचार करा. त्या पावत्या कोणत्या सालापासूनच्या आहेत आणि त्यांवर सही कोणाची आहे, ते आधी पाहा.

उत्तर : जुने कागद, सिव्हिल लाइन्स

एक भर घालतो. तहसील कार्यालयातून त्या वर्षांचे जुने सातबारा उतारे काढा. त्यातल्या गाव नमुना १२ मध्ये कोणत्या गटात कोणत्या वर्षी कोणते पीक होते, याची नोंद असते. कापसाच्या जागी संत्रा कधी आला ते तिथे दिसेल. जमीन कोणत्या साली कोणाच्या नावे झाली, ते नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीवरून कळेल. उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिले असेल, तर जमीन माजी सैनिक म्हणून सरकारकडून मिळालेली असू शकते. तशी ती असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. वारस नोंद अजून केली नसेल तर चरित्राच्या आधी ती करा.

प्रश्नकर्ता : नातू, धरमपेठ

सर्वांचे आभार. पूर्वी स्टार आहे, संग्राम पदक आहे आणि तिसरे सुभेदारकाकांनी सांगितलेले वर्धापनाचेच आहे, जे आम्ही इतकी वर्षे शौर्यपदक समजत होतो. पत्रांवर आजोबांचा पत्ता ९९ ए.पी.ओ. (लष्करी टपाल कार्यालय) असा आहे. बेळगावला अर्ज काल स्पीड पोस्टाने पाठवला.

पत्रे मी आजीसमोर मोठ्याने वाचली. त्यांत लढाईचे एक अक्षरही नाही. २२ डिसेंबर १९७१ च्या पत्रात, म्हणजे ढाक्यातल्या पाकिस्तानी सैन्याच्या शरणागतीनंतर सहाच दिवसांनी, त्यांनी विचारले आहे की कापसाची दुसरी वेचणी झाली का, तुरीवर अळी आहे का आणि गोऱ्ह्याचा पाय बरा झाला का. पावत्या १९७२ पासूनच्या आहेत, म्हणजे राज्याची कापूस एकाधिकार खरेदी (शेतकऱ्यांचा कापूस सरकारनेच घ्यायची योजना) सुरू झाली त्या सालापासूनच्या. सर्वांवर शेतकरी म्हणून आजोबांचे नाव आहे आणि १९७५ पर्यंतच्या प्रत्येक पावतीवर खाली अंगठा आजीचा आहे. त्यापुढे आजोबांची सही येते. पण १९७७ आणि १९७८ च्या पावत्यांवर पुन्हा अंगठा दिसतो. ते का, म्हणून विचारले, तेव्हा ती म्हणाली की ते रात्रभर बागेला पाणी देत आणि दिवसा झोपत, म्हणून कापसाची बैलबंडी घेऊन तीच जाई.

भाऊबंदांचे बोलणे तिला ठाऊक होते का, हेही मी विचारले. ठाऊक होते. तिने पावत्या माझ्या हातातून घेतल्या, सुतळी पुन्हा बांधली आणि गठ्ठा स्वतःच्या कपाटात ठेवला. फोटो काढायचे असतील तर तिच्यासमोर काढायचे, असे तिने बजावले आहे.