थंडीत तुम्ही स्वतःसाठी नेमकं काय करता? (घरात एकट्या असाल तर जास्तच विचारतेय)

सुदामानगरची_गच्ची

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. मी इंदूरची, लग्नाला २३ वर्षं झाली, तेव्हापासून सुदामा नगरातच. मुलगा पुण्यात, मुलगी या जुलैत बंगलोरला गेली, ह्यांची नोकरी फिरतीची, आठवड्यातले चार दिवस तरी बाहेर. आणि मागच्या माघात सासूबाई गेल्या. वर्ष व्हायचंय म्हणून यंदा सण नाहीत, दिवाळी तशीच गेली, संक्रांतही तशीच जाईल.

तर ही पहिली थंडी आहे जिच्यात माझ्याकडे वेळच वेळ आहे आणि त्याचं काय करायचं तेच कळत नाहीये.

सासूबाईंचं थंडीतलं सगळं ठरलेलं असायचं. अकराच्या सुमारास गच्चीवर चटई, परातीत बटले (आमच्या इंदुरात मटाराला बटलेच म्हणतात), बाजूला तिळाच्या तेलाची वाटी उन्हात ठेवलेली, ते आपोआप कोमट व्हायचं मग गुडघ्यांना चोळत बसायच्या. पाण्याच्या टाकीची सावली चटईवर आली की उठायचं नाही, बसल्या बसल्याच चटई थोडी सरकवायची. आणि जिन्याकडे तोंड करून मला हाक, "ये गं, ऊन जातंय." मी रोज म्हणायचे आले आले, आणि मग कणीक, कपडे, मुलांचे डबे, कधी गेलेच तर उभ्या उभ्या पाच मिनिटं. इतक्या वर्षांत एकदाही मांडी घालून तासभर बसले नाही त्यांच्यापाशी. हे लिहितानाही भरून येतंय.

आता गच्ची तीच आहे, ऊन आहे, अडवणारं कुणी नाही. वर जाते आणि दहा मिनिटांत उठते, दिवसाढवळ्या नुसती बसलेय असं मनाला लागतं. संध्याकाळी पावणेसहालाच दिवस मावळतो, मग एकटीसाठी कुठे कुकर लावायचा म्हणून चहा-टोस्टवर भागवते. मध्यंतरी पैसे भरून एका ऑनलाइन ग्रुपचं २१ दिवसांचं सेल्फ-केअर चॅलेंज घेतलं, पाचला उठा, गार पाण्याने अंघोळ करा, डायरी लिहा, सगळ्याचे फोटो टाका. सातव्या दिवशी सर्दीने पडले, फोटो टाकला नाही तर ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारणा. सोडून दिलं. मला तसलं काही नकोय. याच घरात, रोजच्या जगण्यात, थंडीत तुम्हाला बरं कशाने वाटतं ते सांगा.

रामबागचे_काका

ताई, मी ७४ वर्षांचा, जन्म रामबागेतला, उभी हयात शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. आधी तुमच्या सासूबाईंबद्दल सांगतो, त्यांनी वेळ अगदी बरोबर धरली होती. आपली घड्याळं चालतात ८२.५ अंश रेखांशावर आणि इंदूर आहे साधारण ७५.८ वर, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या २६-२७ मिनिटं मागे. इथे ऊन डोक्यावर येतं ते साडेबाराच्या आगेमागे, बाराला नाही. त्यामुळे अकरा ते दीड हेच आपलं थंडीतलं खरं ऊन. आणखी एक, २२ डिसेंबरनंतर सकाळ लवकर उजाडायला लागते असं पुष्कळांना वाटतं, तसं होत नाही. दिवस वाढतो तो संध्याकाळच्या बाजूने, सूर्योदय मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराउशिरानेच होत जातो. आत्ता सातला उगवतोय तो तेव्हा सात-दहाच्या जवळ जाईल. तेव्हा त्या पाचच्या अलार्मचं अजिबात मनाला लावून घेऊ नका.

आता कुकरचं. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. पहिल्या थंडीत मीही तुमच्यासारखाच, चहा आणि खारी. मग धुंधुरमास लागला, सूर्य धनु राशीत असतो तो महिना, १६ डिसेंबरच्या आसपास सुरू होऊन संक्रांतीला संपतो. आमच्या लहानपणी आई काळोखात उठून मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, लोण्याचा गोळा असं सगळं करायची आणि सूर्य उगवताना नैवेद्य दाखवून आम्हा पाच भावंडांना जेवायला बसवायची. शाळेच्या आधी जेवण! दप्तर पाठीला आणि हाताला भरिताचा वास. त्या पहिल्या थंडीत एका सकाळी मला तो वास इतका आठवला की उठून एक वांगं गॅसवर भाजायला ठेवलं. तेव्हापासून दर वर्षी महिनाभर करतो. रात्री मूठभर मुगाची डाळ आणि मूठभर तांदूळ धुऊन ठेवायचे, सकाळी साडेसहाला कुकर, तोवर वांगं भाजून होतं. भाकरी मला थापता येत नाही, ती शेजारच्या वहिनी आदल्या रात्री देतात, मी तव्यावर गरम करून घेतो. सगळं ताटात वाढून घेतो, लिंबाची फोड, मीठ, तूप जागच्या जागी, आणि पूर्वेच्या खिडकीशी बसून जेवतो. कुकरमधूनच चमच्याने खायचं नाही हा नियम मी स्वतःला घालून घेतलाय.

सण नाहीत म्हणालात. नैवेद्याचं तुमच्या घरी जे काही पाळत असाल ते पाळा, पण खिचडी-भरीत ही थंडीची भूक आहे, तिला सुतक नसतं.

विजयनगर_दुसरी_शिफ्ट

काकू मी तुमच्या मुलीच्या वयाची असेन, विजय नगरला पीजीत राहते, घर खंडव्याला. तुमची पोस्ट वाचून आधी आईला फोन केला मग हे लिहितेय.

माझा प्रॉब्लेम उलटा आहे, मला ऊन दिसतच नाही. ऑफिसला जाते तेव्हा ऊन, सुटते तेव्हा कधीचा अंधार, मध्ये नऊ तास ट्यूबलाइट. मागच्या थंडीत पायाची हाडं दुखायला लागली, टेस्ट केली तर व्हिटॅमिन डी खूप कमी. मी म्हटलं डॉक्टर माझी सीट तर खिडकीशी आहे, रोज ऊन येतं अंगावर, तेव्हा त्यांनी सांगितलं की ज्या किरणांनी कातडीत व्हिटॅमिन डी तयार होतं ते काचेतून आत येतच नाहीत, ऊब लागते तेवढीच. आणि कोवळ्या सकाळच्या उन्हातही ते किरण कमी असतात, दुपारकडचं ऊन त्यासाठी चांगलं, हात-पाय-मान थोडे उघडे ठेवून. म्हणजे तुमच्या सासूबाई गुडघे उघडे टाकून साडेबाराला बसायच्या ते औषधच होतं बघा. गोळ्या चालू आहेत पण आता शिफ्टच्या आधी रोज २० मिनिटं पीजीच्या गच्चीवर जाते, फोन खाली ठेवून. पहिले चार दिवस अगदी तुमच्यासारखं व्हायचं, उठावंसं वाटायचं, हाताला चाळा हवा असायचा. मग संत्र्याची सालं काढणं, पायांना तेल लावणं, असं काहीतरी घेऊन बसायला लागले. नुसतं बसणं जमत नसेल तर हातात काम घेऊन बसा ना काकू, बटले आहेतच.

दुसरं म्हणजे गीझरच्या कडकडीत पाण्याने मी कातडीची वाट लावली होती, पांढरे चट्टे पडायचे. आता पाणी कोमट, आणि अंग अर्धवट ओलं असतानाच खोबरेल. टाचांना रात्री आई देते ती कोकमाच्या तेलाची वडी, चमच्यात वितळवून भेगांत भरायची आणि वर मोजे.

आणि शनिवारी सराफा, रात्रीचा खाऊबाजार. थंडीत गराडू (तळलेला कंद) नाही खाल्ला तर इंदुरात राहून काय उपयोग. कढईतून काढल्या काढल्या तो गरम फोडींचा द्रोण, वर जिरावन मसाला, वर लिंबू, तोंड भाजतं तरी थांबवत नाही. एकटी असले तरी जाते, तिथे कुणी एकटं वाटतच नाही.

लष्करची_माई

ग्वाल्हेरहून लिहितेय. तुम्हा इंदूरवाल्यांचं बरं आहे हो, ऊन तरी आहे. आमच्याकडे जानेवारीत चार-चार दिवस धुकं उठत नाही, गच्चीवर जायची सोयच नाही, म्हणून आम्हाला उन्हावाचून बरं राहायला शिकावं लागतं. मी डिसेंबर आला की तानसेन समारोहाची वाट बघते, २०२४ ला त्याचं शंभरावं वर्ष झालं. हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी रात्रीच्या सभेत दोन शाली, कानटोपी, थर्मासमध्ये आल्याचा चहा, आणि कुणीतरी विलंबित ख्याल गातंय. नाकाचा शेंडा बधिर होतो आणि उठवत नाही. आयुष्यभर घरात "लवकर आटपा" ऐकलेल्या बाईला तास-तासभर एकच राग ऐकणं म्हणजे काय असतं ते शब्दात नाही सांगता येत. तुमच्याकडेही थंडीत नाटकं-गाणी होतातच, इंदूरचा मराठी माणूस नाटकवेडा. जा. तिकीट एकच काढा आणि जा.

आणि एक कळकळीने सांगते, एकटी राहणाऱ्यांनी विशेष ऐका. कोळशाची सिगडी पेटवून खोली बंद करून कधीही झोपू नका. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. आमच्या गल्लीतलं एक घर असंच गेलंय. सिगडी उघड्यावर शेकायची, झोपायच्या आधी बाहेर काढायची. बाथरूममधल्या गॅस गीझरचंही तेच, खिडकी उघडी ठेवा, थंडी वाजली तरी.

निळी_शाल

इतरांनी इतकं छान लिहिलंय, मी थोडं वेगळं लिहिते, रागावू नका. तुमच्या पोस्टमधलं "चहा-टोस्ट" वाचून मी थांबले. माझी आई गेली त्यानंतरच्या थंडीत माझंही तसंच झालं होतं. आधी स्वयंपाक सुटला, मग केस धुणं, मग फोन उचलणं. घरचे म्हणायचे थंडीचा आळस आहे, उन्हाळ्यात बरी होशील. मी होळीपर्यंत तशीच राहिले आणि मग डॉक्टरकडे गेले, आधी जायला हवं होतं. दुःख होणं वेगळं, ते होणारच, व्हायलाच हवं. पण दोन आठवडे उलटून गेले तरी झोप नाही, भूक नाही, कशातच जीव रमत नाही, जगणं नकोसं वाटतंय असं असेल तर ते गच्ची आणि लाडवांवर सोडू नका. सरकारची टेली मानस म्हणून सेवा आहे, १४४१६ वर फोन करायचा, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र कधीही. मी पहिल्या फोनला काही बोलूच शकले नव्हते, नुसती रडले, समोरच्या बाई थांबल्या, घाई केली नाही.

तुम्ही तिथवर गेला असाल असं म्हणत नाहीये. पण नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

सुदामानगरची_गच्ची

सगळ्यांना एकत्रच लिहितेय, इतक्या आपुलकीने लिहाल असं वाटलं नव्हतं. निळी_शाल, तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगते, झोप लागते, मुलांशी रोज बोलते, पण भूक मेली होती. नंबर लिहून ठेवलाय. माई, सिगडी नाहीये पण गीझर गॅसचाच आहे, खिडकी आजच उघडली, पेंट बसून घट्ट झाली होती, ह्यांच्या पान्याने ठोकून उघडली.

काका, भरीत केलं. भाकरी केली नाही, पोळीशीच खाल्लं, पण ताटात वाढून घेतलं, तुम्ही सांगितलंत तसं लिंबू-मीठ जागच्या जागी. दोन वेळा वाढून घेतलं.

आणि काल भाजीवाल्याकडून दोन किलो बटले घेतले. एकटीला दोन किलो! तो म्हणाला पाव्हणे आलेत का. अकराला वर गेले, त्यांचीच चटई, परात, तेलाची वाटी. सुरुवातीला पुन्हा तेच, उठावंसं वाटायला लागलं, खाली वॉशिंग मशीन वाजलं तेव्हा तर अर्धी उठलेच होते. पण मांडीवर शेंगांचा ढीग होता, तो कुठे ठेवायचा म्हणून बसले. शेंग दोन बोटांत दाबली की टच आवाज येतो ना, आणि दाणे परातीत पडतात ते आधी वाजतात, मग परात भरत जाते तशी वाजायची थांबतात. ते ऐकत बसले. कोवळे दाणे निम्मे तोंडात गेले. त्याही तशाच खायच्या आणि मला म्हणायच्या यंदा बटले पोचटच फार. तेव्हा मी खरं मानायचे, काल कळलं पोचट नव्हते.

तेल खरंच तापतं हो. वाटी स्टीलची असेल तर अर्ध्या तासात. गुडघ्यांना लावलं, मग हातांना. टाकीची सावली आली तेव्हा मी चटई सरकवली, उठले नाही. खाली येताना पाहिलं तर सव्वा वाजला होता.

दाणे तीन डब्यांत भरून फ्रीजरमध्ये टाकलेत, एक डबा मुलगी येईल तेव्हासाठी. आता हळिवाचे लाडू करायचेत, सासूबाई दर थंडीत करायच्या पण अंदाजाने, कुठे लिहिलेलं नाही. एका नारळाला हळीव किती घ्यायचे कुणी सांगेल का?

रामबागचे_काका

मध्यम नारळाला अर्धी वाटी पुरते, नारळ मोठा असेल तर थोडे जास्त. नारळ फोडताना पाणी फेकू नका, त्यातच भिजवा, निदान दोन तास, आणि भांडं मोठं घ्या कारण हळीव फार फुगतात. गूळ खोबऱ्याच्या निम्म्याहून थोडा जास्त, चव बघून. मंद आचेवर गोळा कडा सोडू लागला की उतरवा, जायफळ शेवटी.

भाकरीचं म्हणाल तर शेजारच्या वहिनींना मी विचारून ठेवलंय, शिकवायला तयार आहेत. रविवारी सकाळी मीही शिकणार आहे, तुम्हीही या.