जुनी पिकअप सुरू होत नाही: दोष पंपात की इंजेक्टरमध्ये?

प्रश्न (तासगाव): द्राक्षे वाहणारी आमची जुनी कॉमन रेल (डिझेल फवारणाऱ्या सर्व इंजेक्टरना एकाच सामायिक नळीतून, म्हणजे रेलमधून, उच्च दाबाने डिझेल देणारी) डिझेल पिकअप स्टार्टर नीट फिरूनही सुरू होत नाही. डिझेल फिल्टर बदलून हवाही काढली आहे. गॅरेजमध्ये थेट उच्च दाबाचा डिझेल पंप बदलण्यास सांगतात. आधी काय तपासावे?

उत्तर (मिरज): पंपाला कृपया इतक्यात हात लावू नका. स्टार्टर फिरताना स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातील माहिती दाखवणाऱ्या यंत्रावर) इंजिनचे फेरे शून्य दिसले, तर इंजिनचे फेरे टिपणारा क्रँक सेन्सर व त्याची वायर तपासावी. फेरे दिसत असूनही रेलमधील दाब साधारण २०० बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) पोहोचत नसेल, तर इंधन कमी पडते आहे किंवा परत वाहून जाते आहे.

प्रश्नकर्ता: फेरे दिसतात, दाब मात्र ९० बारवरच थांबतो.

उत्तर (कराड): मग चारही इंजेक्टरच्या परतीच्या (न फवारलेले डिझेल मागे नेणाऱ्या) नळ्या वेगवेगळ्या बाटल्यांत सोडून स्टार्टर फिरवा, ज्या बाटलीत डिझेल बरेच जास्त साचेल, त्या इंजेक्टरमधून दाब निसटतो आहे. उच्च दाबाची नळी मात्र त्या वेळी कधीही सैल करू नका, कारण ती धार कातडीत शिरते.