घरचा गांजा फुकट पडतो म्हणे!

पेन्शनर_सातारकर
परवा राजवाड्यावर चहा पिताना मित्राचा पोरगा म्हणाला, "काका, तुमच्या मुलाचं बरंय. कॅनडात अंगणात गांजा लावायचा आणि फुकटात ओढायचा." मी 2024 चा जून ते ऑक्टोबर ओंटॅरिओतल्या त्याच अंगणात काढलाय, म्हणून हा धागा.

तिथं ऑक्टोबर 2018 पासून गांजा कायदेशीर आहे. घरटी चार झाडं लावता येतात. माणशी नाही, घरटी. मुलानं चार लावली. मी बँकेतून रिटायर झालेला, वही ठेवायची खोड जात नाही. सगळे आकडे डॉलरमध्ये. बिया 60 (मादी झाडंच देणाऱ्या, साध्या बियांत निम्मी नर निघतात आणि उपटून टाकावी लागतात). कापडी कुंड्या आणि माती 150. खत-औषध 45. रस्त्यावरून दिसू नये म्हणून लाकडी आडोसा 130. वाळवणाच्या खोलीतला दमटपणा ओढणारं मशीन 280. बरण्या, जाळी, कात्र्या 55. बेरीज 720.

वहीत न आलेलं वेगळंच. ऑगस्टात नायगाराला दोन रात्री राहायचं ठरलं होतं. उन्हात कुंड्यांना रोज पाणी लागतं, म्हणून सकाळी गेलो आणि रात्री परत आलो. सप्टेंबरात वास सुटला. शेजारीण भली बाई, बोलली काही नाही, पण कपडे घरात वाळत घालायला लागली. ऑक्टोबरात पाऊस लागला आणि सगळ्यात मोठं झाड गेलं. तुरा (ओढतात तो फुलोरा) वरून टवटवीत, बोटानं फोडला तर आत राखेसारखी बुरशी. अख्खं झाड कचऱ्यात.

उरलेल्या तीन झाडांची पानं छाटायला आम्ही चौघं जेवणाच्या टेबलावर बसलो. सौ. म्हणाली, "मी आपली मेथी निवडतेय असं समजते." बोटांना काळा चीक असा बसला की कात्री हातातून सुटेना. साबणानं जात नाही, शेवटी खोबरेल चोळलं. आयुष्यभर नोटा मोजलेला हात माझा! हाती आलं 340 ग्रॅम.

कृष्णाकाठ_सांगली
काका, तुमच्याच वहीनं तुम्हाला पाडलं. 720 भागिले 340, म्हणजे ग्रॅमला 2.12. दुकानात काय भाव होता?

पेन्शनर_सातारकर
मोठं पाकीट घेतलं तर चारच्या आसपास.

कृष्णाकाठ_सांगली
मग निम्म्यात पडलं की! रडताय कशाला? आमचा भाऊ परसात वांगी लावतो, तो काय स्वतःची मजुरी धरतो? सकाळी झाडांत अर्धा तास फिरला की दिवसभर माणसात असतो. छंदाला हजेरीपट लावायचा नसतो.

पेन्शनर_सातारकर
लावूनच बघू. पाणी-देखभाल रोज 20 मिनिटं, 120 दिवस, झाले 40 तास. छाटणी चौघांची मिळून 26. एकूण 66. ओंटॅरिओत ऑक्टोबर 2024 मध्ये किमान वेतन तासाला 17.20 होतं. मजुरीच 1,135 झाली. आता ग्रॅमला साडेपाचच्या घरात जातो. दुकान स्वस्त.

मांडवाखाली_तासगाव
दोघंही पैशात अडकलाय. ही वर्णनं वाचून मला आमची द्राक्षबागच दिसली. ते राखेसारखं म्हणजे आमची घडकूज. घड जितका गच्च तितकी आत हवा खेळत नाही, आणि काढणीच्या तोंडावर पाऊस आला की संपलं. म्हणून तर आम्ही विरळणी करतो. वाळवणाचंही तेच. चार किलो द्राक्षं शेडात जाळीवर टाकली की किलोभर बेदाणा. तुमच्या ओल्या तुऱ्याचंही साधारण चारास एकच पडलं असणार. नवख्याला झाडावरचा माल दिसतो, बरणीतला दिसत नाही.

पण माझा खरा मुद्दा फवारणीचा. द्राक्षाला फवारणीपासून काढणीपर्यंत दिवस मोजावे लागतात, नाहीतर माल परत येतो. खाल्लेलं पोटात जातं. हे तर जाळून छातीत ओढायचं. भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) दिसली म्हणून ऐन तुऱ्यावर काहीबाही मारलं तर? तिथल्या दुकानातला माल तपासून येतो, घरच्याची तपासणी कोण करतं?

पेन्शनर_सातारकर
कोणी नाही. मुलानं तुरे धरल्यावर फवारणी बंद केली, म्हणूनच एक झाड गेलं असेल.

अर्धा_कप
आणि यात बचत कुठली धरताय? मुलगा वर्षाला ओढतो किती?

पेन्शनर_सातारकर
शनिवारी एखादी. वर्षाला 60 ग्रॅम म्हणा.

अर्धा_कप
मग 60 ला चारनं गुणा. 240 डॉलरचा माल लागणाऱ्या माणसानं 720 घातले. उरलेले 280 ग्रॅम विकणार?

पेन्शनर_सातारकर
विकला तर तिथंही गुन्हा. ओळखीच्या प्रौढाला फुकट द्यायचा, तोही 30 ग्रॅमपर्यंत. तुमचा मुद्दा बिनतोड आहे, माझ्या वहीला सुचला नाही.

भोळा_शंकर
एवढं कशाला? आपल्याकडं महाशिवरात्रीला भांग चालतेच. मागच्या दारी दोन झाडं लावली तर कोण बघतंय?

काळा_कोट_मिरज
हे मनातून काढून टाका. एनडीपीएस, म्हणजे आपला अमली पदार्थांचा कायदा, 1985 चा. गांजाच्या व्याख्येत तुरे येतात, नुसती पानं येत नाहीत, म्हणून भांगेचा प्रश्न वेगळा. पण झाड लावणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, कलम 20. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. किलोच्या आतली "अल्प मात्रा" लोक इथं लावतात, ती बाळगण्याला आहे, लागवडीला नाही. दोन झाडं काय, एक काय. उसाच्या फडात वाटेकऱ्यानं लावलं आणि मालकानं माहीत असून कळवलं नाही, तर मालकही अडकतो. कॅनडातही सगळीकडं चालत नाही. क्वेबेक प्रांतानं घरची लागवड बंदच ठेवली आणि 2023 साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी कायम केली.

भोळा_शंकर
बरं बाबा. तुळस लावतो.

कृष्णाकाठ_सांगली
कायद्याचं मान्य, आपल्याकडं नावच नको. पण काकांच्या हिशेबाला मी सोडणार नाही. मशीन 280 चं, आडोसा 130 चा, दोन्ही पुढच्या वर्षीही आहेतच ना? सगळी किंमत एकाच वर्षाच्या बोडक्यावर? बँकेत घसारा शिकवत नव्हते का?

पेन्शनर_सातारकर
घसारा मान्य. 410 चे चार वर्षांत भाग केले तर वर्षाला 102.50. मजुरी सोडून खर्च 412.50, ग्रॅमला 1.21. पण दोन आठवडे तळघरात तुरे टांगले होते, त्या वासाचा घसारा कसा काढायचा तेवढं सांगा.

कृष्णाकाठ_सांगली
वासाला शून्य दर. तळघर तसंही रिकामंच असतं.

पेन्शनर_सातारकर
तळघरात आम्ही दोघं झोपत होतो.