मदत हवी आहे: मुलं आलेख काढतात, पण वाचत नाहीत

सातवी-आठवीला गणित शिकवते. स्तंभालेख काढायला सांगा, पट्टीने अक्ष आखतील, प्रमाण लिहितील, रंगसुद्धा भरतील. "सर्वात उंच स्तंभ कोणता?" म्हटलं की वर्गभर हात वर. "या दोघांत फरक कितीचा?" इथे निम्मे हात खाली. "पुढच्या वर्षी काय होईल, आणि कशावरून?" इथे सगळे एकमेकांकडे बघतात.

खरी डोकेदुखी अंतर-काळ आलेखाची. सायकलवाला घरून निघतो, थांबतो, परत येतो. आडवी रेघ म्हणजे तो थांबला, उतरती म्हणजे घराकडे परत येतोय. पण मुलांना आडवी रेघ दिसली की "सपाट रस्ता", खाली उतरली की "उतार लागला". हुशार मुलंही हेच म्हणतात, तेही ठामपणे! उभा अक्ष ९० पासून सुरू केला तर ९६ त्यांना ९२ च्या तिप्पट वाटतात. अक्षावरचे आकडे कोणी बघतच नाही.

रंगीत तक्ते लावा वगैरे सल्ले कृपया नकोत. तासाभरात बसेल असं काही सुचवा.

प्रतिसाद १
तुमचे तीन प्रश्न म्हणजे गणितशिक्षणाच्या अभ्यासक फ्रान्सिस कर्सिओ यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या तीन पायऱ्याच आहेत: आहे ते वाचणं, आकड्यांची तुलना, आणि आलेखापलीकडचा अंदाज. तिसरीवर मुलं अडणारच.

सायकलसाठी मैदानावर जा. दोरी टाका. एक जण तिथून चालेल, दुसरा दर पाच सेकंदांनी अंतर ओरडेल, तिसरा बिंदू मांडेल. चालणारा थांबला की बिंदू त्याच उंचीवर पुढे सरकतात, तिथे "सपाट रस्ता" आपोआप गळतो. नंतर उलट करा: आलेख हातात देऊन तसं चालायला सांगा. त्यात एक सरळ उभी रेघ मुद्दाम घाला, म्हणजे एकाच क्षणी अनेक ठिकाणी असणं, जे चालून दाखवताच येत नाही. भांडणं होतील, होऊ द्या.

प्रतिसाद २
अक्षासाठी आलेख झाकून दाखवा. आधी नुसते स्तंभ, मग नावं, आकडे सर्वांत शेवटी. "तिप्पट" म्हणणारेच मग फसवणूक झाली म्हणून ओरडतात. तोच आलेख शून्यापासून काढायला लावा. रेषालेखाला मात्र शून्याचा हट्ट नको. तापाचा तक्ता शून्यापासून काढला तर ताप चढलेला दिसायचाच नाही.

धागाकर्ती
मैदानाचं करून बघते. एक शंका: परत येताना मुलं चाललेलं एकूण अंतर धरणार नाहीत का?

प्रतिसाद १
धरतील. म्हणून उभ्या अक्षावर नुसतं "अंतर" लिहू देऊ नका, "दोरीपासूनचं अंतर" लिहायला लावा. एकूण अंतराचा आलेख त्याच कागदावर दुसऱ्या रंगाने काढा. तो कधीच खाली का येत नाही, हे त्यांनाच शोधू द्या.